मगदुमांच्या वखारीचं काय करायचं

"मी हाय तवर माझ्या वखारीवर दुसऱ्याच्या नावाची पाटी लागायची न्हाय," सुकुमार अण्णांनी भाकरीचा शेवटचा तुकडा मोडता मोडता सांगून टाकलं. "निपाणीत मगदूम म्हटलं की वखार, आणि वखार म्हटलं की मगदूम. आमाला नाव उसनं घ्यायची पाळी आली न्हाय, आणि यायची बी न्हाय."

दिवस मावळायला टेकला होता, म्हणून सगळं घर घाईनं जेवत होतं. अण्णांनी उठून चूळ भरली आणि दारात टेम्पोचा हॉर्न वाजला. टेम्पोत पाटी होती. टेम्पोपेक्षा लांब, केशरी रंगाची, आणि तिच्यावर जीभ बाहेर काढून हसणारा एक मिशीवाला बर्गर. खाली ठसठशीत अक्षरात 'बर्गर बहाद्दर'.

अण्णांनी आधी पाटीकडं पाहिलं, मग पोराकडं.

"तुम्हीच व्हय म्हणालता," वीरेंद्र म्हणाला. "परवा मी इचारलं न्हाय का, कंपनीवाले पाटी पाठवतो म्हणत्यात, पाठवू दे का? तुम्ही म्हणालासा, दे की."

परवा अण्णा मॅच बघत होते. शेवटची ओव्हर चालू होती. त्या वेळी कुणी हत्ती पाठवू का विचारलं असतं तरी ते 'दे की' म्हणाले असते. आता टेम्पोवाला भाडं वाया जाईल म्हणून परत न्यायला तयार नव्हता, आणि शेजारचे आदर्श बेडकिहाळे गॅलरीत येऊन उभे राहिले होते. बेडकिहाळ्यांच्या डोळ्यांदेखत माल परत पाठवायचा म्हणजे मगदुमांचं काहीतरी फसलं हे गावाला कळवायचं. अण्णांनी पाटी आत घ्यायला सांगितली. ती दारातून मावेना, म्हणून अंगणात आडवी ठेवली, तोंड भिंतीकडं करून. दुसऱ्या दिवशी अण्णांच्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, पाटीच्या पाठीवर शेवया वाळत घातल्या.

तंबाखूचा धंदा बसल्यापासून हायवेवरची वखार रिकामी होती. तिचं काय करायचं यावर घरात दोन मतं होती आणि तिसरं अण्णांचं, ते रोज बदलायचं.

वीरेंद्रचं मत फ्रँचायझी. तो आयता नकाशा, आयता माल, आयतं नाव यांच्या प्रेमात कायमच असायचा. याआधी त्यानं बेळगावात ज्यूसची फ्रँचायझी घेतली होती, त्याच्याआधी आइस्क्रीमची. ज्यूसचं दुकान आपण फायद्यात दुसऱ्याला दिलं असं तो घरात सांगायचा, आणि घरात कुणी जास्त खोलात जायचं नाही. बापाला पोराची लाज वाटायला नको आणि पोराला बापाची, एवढ्यावर मगदुमांचं घर चाललं होतं.

त्याच्या बायकोचं, प्रणिताचं, मत खानावळ. बेळगावात माहेरी असताना तिनं बी.कॉम. केलं होतं. लग्नानंतर तिनं बेळगावच्याच उद्यमबागेतल्या कारखानदारांना डबे पाठवायला सुरुवात केली. तिकडं फाउंड्रीवाले जैन बरेच. त्यांना अंधार पडायच्या आत जेवायचं असतं, आणि त्या वेळी ते नेमके भट्टीपुढं उभे असतात. निपाणीहून एसटीनं निघालेला डबा साडेचारला त्यांच्या टेबलावर असायचा. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, आणि तरी माणसं डबा चाटून पुसून परत पाठवायची. प्रणिताचं म्हणणं एवढंच होतं की पुणे-बेंगळूर रस्त्यावर रोज शेकडो जैन कुटुंबं गाडीत बसून सूर्याशी शर्यत लावतात, आणि त्यांना वेळेत शुद्ध जेवण देणारी एक जागा नाही. वखार मिळाली तर ती जागा होईल, आणि त्या जागेवर तिचं नाव असेल. हे शेवटचं वाक्य ती मोठ्यानं म्हणायची नाही. डबे तिचे होते, पण उद्यमबागेत ते 'मगदूमसाहेबांचे डबे' म्हणून ओळखले जायचे. त्यातल्या कुठल्या मगदूमसाहेबानं कधी चूल पेटवली होती, ते तिला माहीत होतं.

धोंडूबाई आक्का या दोघांच्या मधोमध बसलेली होती आणि तिथून ती कुठंही झुकायची. सध्या ती वीरेंद्रकडं होती. उद्घाटनाची फीत तू कापायची आणि पेपरात फोटो येणार, असं त्यानं तिला कबूल केलं होतं.

त्या आठवड्यात गावात मुनिमहाराजांचा मुक्काम होता. रविवारी मगदुमांकडं चौका लागणार होता, म्हणजे महाराजांच्या आहाराची तयारी. अर्थात चौका लागला म्हणून महाराज येतीलच असं नसतं. ते मनाशी एक नियम धरून निघतात, आणि त्या नियमात बसणारं दार दिसलं तरच थांबतात. नियम काय ते कुणालाच माहीत नसतं. त्यामुळं गल्लीत ज्यांचे ज्यांचे चौके असतात, त्या सगळ्यांनी कलश आणि नारळ घेऊन दारात उभं राहायचं आणि महाराजांना थांबायची विनंती करायची.

शनिवारी अण्णांनी एका दिवसात तीनदा मत बदललं तेव्हा आक्का वैतागली.

"साकु," ती म्हणाली. आक्काला राग आला की ती असं कानडीत 'पुरे' म्हणायची. "उद्या महाराजांचा आहार आपल्यात झाला, तर सुनंच्या हातचं पावलं. वखार तिला. न्हाय झाला, तर वीरूचा त्यो मिशीवाला. पुना इषय काढायचा न्हाय."

अण्णांना एकदम हलकं वाटलं. निर्णय घ्यायचं काम दुसऱ्याकडं गेलं की त्यांना नेहमी तसं वाटायचं. वीरेंद्रनं मनातल्या मनात गल्लीतले चौके मोजले आणि लगेच हात जोडून कबूल केलं. प्रणितानंही ते मोजले होते. पण धान्य निवडण्यापासून पाणी गाळण्यापर्यंत सगळं आता तिच्याच हातात होतं, आणि आपल्या हाताच्या चवीवर तिचा असा विश्वास होता की महाराजांना रस्त्यातूनच वास कळेल असं तिला वाटून गेलं. मग तिला स्वतःचीच लाज वाटली आणि ती डाळ धुवायला लागली.

रविवारी सकाळी सगळे धुवट कपड्यांत दारात उभे राहिले. अण्णा धोतर-दुपट्ट्यात, हातात कलश, त्यावर नारळ. आक्का डावीकडं, प्रणिता उजवीकडं, वीरेंद्र मागं. अंगणातल्या पाटीवर आक्कानं सतरंजी टाकली होती, पण पाटीचं एक केशरी टोक बाहेर राहिलं होतं.

महाराज गल्लीच्या तोंडाशी दिसले. उजवा हात खांद्याला लावलेला, दुसऱ्या हातात कमंडलू आणि मोरपिसांची पिंछी. पहिलं दार मागं पडलं, दुसरं पडलं. मगदुमांच्या दाराशी येता येता त्यांची पावलं हळू झाली. प्रणितानं ते स्पष्ट पाहिलं. अण्णांनी आवाज चढवला, "नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु. अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ."

आणि महाराज आणि दार यांच्या मधोमध एक पांढरी मोटार येऊन उभी राहिली.

तिच्यातून ओमकार उतरला. तो बर्गर बहाद्दरचा एरिया मॅनेजर होता आणि करार करून घ्यायला पुण्याहून आला होता. वीरेंद्रनं त्याला अकराला बोलावलं होतं, पण रस्ता मोकळा मिळाला. त्यानं पाहिलं तर दारात अख्खं कुटुंब सणासुदीच्या कपड्यांत उभं, हातात नारळ, हात जोडलेले, आणि सगळे एका सुरात थांबा म्हणतायत. पाच वर्षं तो गावोगावी फ्रँचायझी वाटत फिरत होता. बहुतेक ठिकाणी त्याच्याकडं फक्त कुत्र्यांनी बघितलं होतं.

"थँक यू," तो म्हणाला, आणि बूट न काढताच अण्णांच्या समोर येऊन हात जोडून उभा राहिला.

अण्णांची पंचाईत झाली. विनंती मध्येच तोडायची नसते असं त्यांना लहानपणापासून माहीत होतं. समोरच्या माणसाला बाजूला हो म्हणायचं तर तोंडातला मंत्र तोडावा लागणार. म्हणून ते ओमकारच्या खांद्यावरून महाराजांकडं बघत आणखी मोठ्यानं 'तिष्ठ तिष्ठ' म्हणायला लागले, आणि ओमकार आणखी ताठ उभा राहिला. वीरेंद्र मागून त्याला हातानं बाजूला व्हायच्या खुणा करत होता. ओमकारला वाटलं, फोटोसाठी सरकायला सांगतायत. तो सरकला, आणि आता तर बरोबर मध्यभागी आला.

महाराज शांतपणे गाडीला वळसा घालून पुढं गेले आणि बेडकिहाळ्यांच्या दारात थांबले.

बेडकिहाळ्यांकडं प्रदक्षिणा सुरू झाल्याचा आवाज आला.

"सर, हा वेलकम मी लाइफमध्ये विसरणार नाही," ओमकार म्हणाला.

प्रणिता आत निघून गेली. चौक्यात ताटं झाकलेली होती. सकाळपासून तिनं पाण्याचा घोटही घेतला नव्हता, आणि आता तहान लागल्याचं तिला कळत होतं पण उठवत नव्हतं. ती गाडी कुणी बोलावली, ते तिला विचारायची गरज नव्हती. नवऱ्यानं ते मुद्दाम केलं नसणार हेही तिला माहीत होतं. मुद्दाम एवढं नेमकं काही करणं त्याला जमलं नसतं.

केलेलं अन्न वाया घालवायचं नाही म्हणून आक्कानं पाहुण्याला बाहेरच्या सोप्यात अण्णांच्या शेजारी बसवून वाढलं. ओमकारनं कटाची आमटी घेतली. मग आणखी घेतली. मग वाटी बाजूला ठेवून आमटी थेट ताटात मागितली. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, आल्यावर तो बोलायचा थांबला, आणि एरिया मॅनेजर बोलायचा थांबतो हे त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

"आजी, हे कुणी केलंय?" त्यानं शेवटी विचारलं.

"माझी रेसिपी हाय," आक्का म्हणाली.

"हात सुनंचा हाय," अण्णा म्हणाले.

आक्कानं अण्णांकडं असं बघितलं की त्यांनी पुढचा घास घाईनं गिळला.

जेवण झाल्यावर ओमकारनं टॅब उघडला आणि शेजारी अंगठ्याचं मशीन ठेवलं. कागद कंपनीला चालत नव्हता. ज्याच्या नावावर फ्रँचायझी, त्यानं अंगठा टेकवायचा, हिरवा दिवा लागला की झालं. कौल लागलेलाच होता. अण्णांनी दुपट्टा सावरला, पणजोबांच्या फोटोकडं एकदा बघितलं आणि अंगठा टेकवला.

लाल दिवा लागला.

पुसून टेकवला, लाल. दुसरा हात, लाल. ओमकार म्हणाला सर थोडं दाबून, अण्णांनी दाबलं, मशीन टेबलावरून सरकून आमटीच्या पातेल्याला जाऊन थडकलं. सगळी बोटं झाली. उभा जन्म अण्णांनी तंबाखूचं पान चिमटीत चोळून पारखलं होतं. कुठलं पान कुठल्या रानातलं ते त्यांना डोळे मिटून कळायचं, आणि त्या कळण्यात बोटांवरच्या रेषा पार झिजून गेल्या होत्या. मशीनच्या मते सुकुमार मगदूम नावाचा माणूस तिथं बसलेलाच नव्हता.

आक्कानं न विचारता अंगठा पुढं केला. जन्मभर भाकऱ्या उलटून तिचाही गुळगुळीत. लाल.

"मी टेकवतो," वीरेंद्र म्हणाला. दिवा लगेच हिरवा झाला. सगळ्यांनी श्वास सोडला, तेवढ्यात टॅबवर काहीतरी आलं आणि ओमकारचा चेहरा पडला.

"सर, तुम्ही बेळगावात ज्यूसची फ्रँचायझी घेतली होती ना? तो आमचाच ग्रुप. इथं दिसतंय की ते दुकान कंपनीनं बंद केलं, तुम्ही मागं बरंच काही थकवलं म्हणून. तुमच्या नावावर पुन्हा देता येणार नाही."

घरात जे कुणी कधी विचारलं नव्हतं, ते मशीननं कुणी न विचारता सांगितलं. अण्णा पोराकडं बघेनात. वीरेंद्र पायाच्या अंगठ्यानं फरशीवर काहीतरी काढायला लागला.

"घरात आणखी कुणी?" ओमकारनं विचारलं.

तेव्हा सगळ्यांनी स्वयंपाकघराकडं बघितलं.

प्रणिता आली, हात पुसले, उभ्या उभ्याच अंगठा टेकवून बघितला. हिरवा. तिच्या नावावर काही थकलं नव्हतं, कारण तिच्या नावावर काही नव्हतंच. ओमकार म्हणाला, आता करार मॅडमच्या नावानं करूया, करारासाठी आणखी एकदा अंगठा द्या. वीरेंद्र म्हणाला, लगेच देऊन टाक, साहेबांना परत जायचंय. अण्णा म्हणाले, नाव काय, कुणाचं बी असलं म्हणून काय झालं, घरचंच हाय.

"व्हय की," प्रणिता म्हणाली. "पण माझ्या नावावर घ्यायचं तर वखार बी माझ्या नावावर पायजे असंल ना ओ? का दुसऱ्याच्या जागेत चालतंय?"

"नाही नाही. लीज तुमच्याच नावानं पाहिजे," ओमकार म्हणाला. "नाहीतर सिस्टीम घेत नाही."

भाडेकराराचा स्टॅम्पपेपर वीरेंद्रनं केव्हाच आणून ठेवला होता, नावाची जागा कोरी सोडून. त्यानं स्वतःच्या हातानं बायकोचं नाव लिहिलं. अण्णांनी पेननं सही केली, लांबलचक, शेवटी शेपटी असलेली. बोटं गेली तरी सही शाबूत आहे हे दाखवायची त्यांना घाई झाली होती. साक्षीदार म्हणून आक्कानं सही केली आणि दुसरी सही ओमकारनं केली, कंपनीच्या पेननं.

प्रणितानं कागद वाचला, सही केली, घडी घातली आणि स्वयंपाकघरात जाऊन डब्यात ठेवून आली. मग मशीनपुढं बसली.

"आता मला थोडं इचारायचं हाय," ती म्हणाली. "दुकान बंद कितीला करायचं?"

"हायवेला रात्री एक. पण खरा धंदा अकरानंतरच."

"आम्ही दिवस मावळला की चूल इझवतो."

"मॅडम, त्या वेळी तर आपण सुरू होतो."

"बटाटा काढला तर?"

ओमकारनं मनाशी हिशेब केला. "बटाटा काढला तर पाव उरतो."

"आणि मी कटाची आमटी ठेवली तर?"

"ठेवा ना! मी तेच सुचवणार होतो," ओमकार खुलला. "हेड ऑफिसला सँपल पाठवू. अप्रूव्ह झाली की रेसिपी कंपनीची. मग सगळ्या ब्रँचना एकसारखी जाईल, पाकिटातून. तुम्हालाही पाकीटच येईल. फक्त गरम पाणी घालायचं."

आक्का भिंतीला टेकून बसली होती, ती सरळ झाली.

"कुणाची आमटी?"

"कंपनीची, आजी."

"शेडबाळात माझ्या सासूनं मला हातावर चटके देऊन शिकवली ती," आक्का म्हणाली, "आणि माझ्या घरात ती पाकिटातनं यायची? वर कंपनीला इचारून?" तिनं अंगठ्याचं मशीन उचलून ओमकारच्या मांडीवर ठेवलं. फीत, पेपर आणि फोटो एका क्षणात तिच्या मनातून उतरले. "सुकुमार, ह्येला चहा दे आणि वाटंला लाव."

"आक्का, पण कौल," अण्णा म्हणाले. "आहार आपल्यात झाला न्हाय. तूच म्हणालतीस."

"महाराज थांबत हुते. ह्येची गाडी आडवी आली. आडवं कोण आलं, फ्रँचायझी आली. ह्यो कौल न्हाय तर काय?"

अण्णांना हेही पटलं. त्यांना सगळंच पटायचं.

प्रणितानं हात पदरात गुंडाळून घेतला. आवाज चढवायची तिला गरज नव्हती.

"अंगठा माझा हाय आणि वखारीचा भाडेकरार बी माझ्या नावावर झालाय. मी बर्गर घालणार न्हाय, खानावळ घालणार. पाटीवर प्रणिता मगदूम असं नाव टाकणार. अण्णा, तुम्हाला उसनं नाव नको हुतं ना? ह्ये घरचं हाय."

वाक्य अण्णांचंच होतं. ओमकारनं टॅब मिटला. जाताना त्यानं आमटी डब्यात भरून मागितली, आणि प्रणितानं ती दिली, झाकण घट्ट लावून. पहिल्यांदाच डब्यावर तिचं नाव लिहिलेलं होतं, खडूनं.

या सगळ्यात वीरेंद्र तीनदा काहीतरी सांगायला पुढं आला होता. "प्रणिता, वखारीचं जरा एक," असं म्हणायचा आणि अडायचा. तिला वाटलं, समजूत घालायला आलाय.

"आता वखारीचं तुम्ही मला सांगू नका," ती म्हणाली. मग त्याचं तोंड बघून तिला वाईट वाटलं. "गल्ल्यावर तुम्हीच बसा. पण साडेपाचला बंद."

दुपारी उन्हं उतरल्यावर सगळे रिक्षानं वखारीकडं निघाले. प्रणिताला भिंती बघायच्या होत्या, चुली कुठं मांडायच्या, बायकांना हात धुवायची जागा कुठं, पाणी कुठून घ्यायचं. गुडघे धरल्यापासून अण्णा बऱ्याच दिवसांत तिकडं गेले नव्हते. किल्ली तिच्या हातात होती. रस्ताभर आक्का तिला हुग्गीत वेलदोडा किती घालायचा ते समजावत होती, आणि प्रणिता आज पहिल्यांदा तिला उलट उत्तरं देत होती.

वखारीला दार नव्हतं. कंपनीच्या नकाशात दार हायवेच्या बाजूला होतं, म्हणून वीरेंद्रनं आदल्या आठवड्यात मागच्या बाजूचं जुनं, एकुलतं दार विटांनी बुजवून, गिलावा करून, केशरी रंग देऊन घेतला होता. हायवेच्या बाजूची भिंत अजून फोडली नव्हती. गवंडी गुंडू मेव्हणीच्या लग्नाला लोंढा गावी गेला होता आणि त्याची पहार वखारीच्या आतच राहिली होती.